लिथियम महिनोन्‌महिने दिल्यावर प्राण्यांच्या मेंदूत काय बदलतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या एका फार्मसी कॉलेजात मी औषधशास्त्र शिकवते. लिथियमबद्दल दोन तऱ्हेची माणसं मला विचारतात. एक, प्रोजेक्टच्या मागे लागलेली मुलं. दुसरी, घरात कुणाला तरी बायपोलरसाठी (कधी मेनिया म्हणजे टोकाचा अतिउत्साह, कधी नैराश्य असा आजार) लिथियम चालू असलेली माणसं. ‘उंदरांवरच्या प्रयोगात असं दिसलं’ ही बातमी दोघांनीही वाचलेली असते. मुलांना त्यातून मार्क हवे असतात आणि घरच्यांना झोप. उत्तरं त्यामुळे एकाच ठिकाणी लिहिली आहेत.

आधीच एक सांगून टाकते. लिथियमचा एक डोस दिल्यावर मेंदूत जे घडतं आणि तेच रोज पाच-सहा आठवडे दिल्यावर जे घडतं, त्यात फार फरक असतो. काही बाबतींत तर परिणाम थेट उलटा होतो. उंदरांवरची कुठलीही बातमी वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: किती दिवस दिलं होतं? आणि मी डॉक्टर नाही. गोळी किती, कधी आणि बंद करायची का, हे तुमचे मानसोपचारतज्ज्ञच ठरवतील.

बॅटरीतलं लिथियम आणि गोळीतलं लिथियम एकच का?

हो. १८१७ साली स्वीडनमध्ये आर्फवेडसनला पेटलाइट नावाच्या खनिजात सापडलेलं तेच मूलद्रव्य. गोळीत ते कार्बोनेटच्या रूपात असतं. इतर औषधांसारखं ते यकृतात मोडत नाही. जसं पोटात जातं तसंच मूत्रपिंडातून बाहेर पडतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मुळात हे प्राण्यांवरून माणसांकडे आलं कसं?

जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरमुळे, आणि खरं तर एका चुकीच्या तर्कामुळे. मेनियाच्या रुग्णांच्या लघवीत काहीतरी विषारी द्रव्य असावं, असं केडला वाटत होतं. मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या रुग्णालयात तो गिनी पिगना त्या लघवीची इंजेक्शनं देऊन पाहत होता. युरिक ॲसिडचा परिणाम तपासायचा, तर ते पाण्यात नीट विरघळेना. म्हणून त्याने लिथियम युरेट वापरलं. त्यात युरिक ॲसिडपेक्षा लिथियमच काम करतंय असं त्याच्या ध्यानात आलं. लिथियम कार्बोनेट दिल्यावर एरवी बिथरणारे गिनी पिग शांत झाले, पाठीवर उताणे केले तरी नुसते पाहत राहायचे.

आज बहुतेकांचं मत असं की ते गिनी पिग शांत झाले नव्हते, त्यांना थोडी विषबाधाच झाली होती. केडने मात्र आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिलं, मग मेनियाच्या दहा रुग्णांना दिलं आणि १९४९ साली निष्कर्ष छापले. पुढे डेन्मार्कच्या मोगन्स स्काऊने रीतसर चाचण्या केल्या. अमेरिकेत मान्यता मिळायला १९७० उजाडलं, कारण १९४९ मध्येच तिथे हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकलं गेलं आणि त्यात काही जण दगावले होते.

तर्क चुकला, प्राण्यांमधलं निरीक्षण अर्धवट निघालं आणि औषध मात्र खरं ठरलं! वर्गात हे सांगितलं की मुलं खूश होतात. मी त्यांना म्हणते, असं नशीब एखाद्यालाच लाभतं.

उंदरांना ते देतात कसं? आपल्याइतकाच डोस का?

मिलिग्रॅममध्ये तुलना करू नका, रक्तातली पातळी बघा. माणसात नेहमीच्या उपचारासाठी ती साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवतात आणि १.५ च्या पुढे विषबाधेची भीती सुरू होते. रॅट (मोठे उंदीर) किंवा माईसमध्येही (छोटे उंदीर) साधारण याच पट्ट्यात राहायचा प्रयत्न असतो. अडचण अशी की त्यांची मूत्रपिंडं लिथियम फार झपाट्याने बाहेर टाकतात. माणसात रक्तातली पातळी निम्मी व्हायला साधारण एक दिवस लागतो, उंदरात काही तास. दिवसातून एक इंजेक्शन दिलं तर पातळी एकदम चढते आणि रात्रीत उतरते.

म्हणून दीर्घ प्रयोगात लिथियम खाण्यातच मिसळतात. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या रॅपोपोर्ट यांच्या प्रयोगशाळेत वापरलेली पद्धत पुष्कळांनी उचलली: चार आठवडे किलोभर खाद्यात १.७० ग्रॅम लिथियम क्लोराइड, मग दोन आठवडे २.५५ ग्रॅम. सोबत साध्या पाण्याची एक बाटली आणि मिठाच्या पाण्याची दुसरी. ही दुसरी बाटली विसरली तर शरीरातलं सोडियम घटतं, लिथियम साचतं आणि प्राणी आजारी पडतात. मग त्यांच्या मेंदूत जे मोजलं जाईल ते लिथियमचं की आजारपणाचं, हे कुणी सांगू शकत नाही.

‘इनोसिटॉल कमी होतं’ म्हणजे नेमकं काय होतं?

यावर सविस्तर लिहिते, कारण लिथियमच्या रसायनशास्त्रातली ही सगळ्यात जुनी आणि माझ्या मते सगळ्यात देखणी कल्पना आहे.

चेतापेशीला बाहेरून संदेश आला की पेशीपडद्यातलं एक स्निग्ध द्रव्य फुटतं, त्यातून इनोसिटॉल या साखरेसारख्या छोट्या द्रव्याचे फॉस्फेट तयार होतात आणि ते संदेश पुढे नेतात. काम झालं की एकेक फॉस्फेट काढून पुन्हा साधं इनोसिटॉल बनवायचं आणि परत वापरायचं, अशी साखळी असते. शेवटचा फॉस्फेट काढणारं एन्झाइम म्हणजे इनोसिटॉल मोनोफॉस्फेटेज. त्याला चालायला मॅग्नेशियम लागतं. लिथियमचा आयन आकाराने जवळपास मॅग्नेशियमएवढाच असल्याने तो तिथे जाऊन अडकतो. १९७१ साली ॲलिसन आणि स्ट्यूअर्ट यांना लिथियम दिलेल्या रॅटच्या मेंदूत इनोसिटॉल घटलेलं दिसलं. १९८० मध्ये हॅल्चर आणि शर्मन यांनी कारण दाखवलं: हेच एन्झाइम अडतं, आणि तेही उपचारात असते तेवढ्याच पातळीला.

गंमत या अडवणुकीच्या जातीत आहे. एन्झाइमसमोर काम जितकं जास्त, तितकं लिथियम त्याला जास्त अडवतं. सीबीएस बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर ग्लास विसळणारा पोरगा हळू हात चालवायला लागला तर दुपारी कुणाच्या लक्षातही येणार नाही. संध्याकाळच्या गर्दीत मात्र ग्लासच संपतील. तसंच इथे. शांत पेशीला फारसा फरक पडत नाही, जास्त भडकलेल्या पेशीचा इनोसिटॉलचा साठा आटतो. मेनियातला अतिरेक खाली येतो आणि बाकीचा माणूस बऱ्यापैकी तसाच राहतो, याचं उत्तर इथे असावं असं बेरिज आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मांडलं.

मग प्रश्न मिटला का? नाही. इनोसिटॉलमधली घट लवकर दिसते, पण रुग्णात गुण यायला एक ते तीन आठवडे लागतात. या एन्झाइमचं जनुक काढून टाकलेल्या माईसची गोष्ट आणखी बोलकी आहे. गर्भातच ती पिल्लं मरतात. आईच्या पिण्याच्या पाण्यात इनोसिटॉल घातलं तर जगतात. मोठी झाल्यावर काही चाचण्यांत ती लिथियम दिल्यासारखी वागतात, पण त्यांच्या मेंदूतलं एकूण इनोसिटॉल कमी झालेलं नसतं. साखळी महत्त्वाची आहे हे नक्की; नुसती साठ्याची घट सगळं सांगत नाही.

लिथियमने झटके येतात असं एका शोधनिबंधात वाचलं. घाबरायचं का?

तो ‘लिथियम-पिलोकार्पिन’ रॅट असणार. १९८३ पासूनची ही पद्धत आहे. रॅटला आधी लिथियम दिलं की एरवी झटके आणायला फार मोठ्या मात्रेत लागणारं पिलोकार्पिन हे रसायन थोडंसं दिलं तरी जोरदार झटके येतात. अपस्माराच्या अभ्यासासाठी ते मुद्दाम घडवतात. मेंदूत थेट इनोसिटॉल सोडलं तर हा परिणाम रोखता येतो, म्हणजे वरच्या उत्तराला तो एक पुरावाच झाला. नेहमीच्या पातळीत लिथियम घेणाऱ्या माणसाशी त्याचा थेट संबंध जोडू नका.

जीएसके-३ हे काय प्रकरण आहे?

दुसरं एन्झाइम, आणि इथेही भांडण मॅग्नेशियमच्या जागेवरूनच. बेडकाच्या अंड्यांना लिथियम दिलं तर गर्भाची पाठीकडची बाजू वाजवीपेक्षा जास्त वाढते, हे जीवशास्त्रज्ञांना फार आधीपासून माहीत होतं. का, ते १९९६ मध्ये क्लाइन आणि मेल्टन यांनी दाखवलं: लिथियम ग्लायकोजेन सिंथेज कायनेज-३ ला अडवतं. हे एन्झाइम पेशीत डझनावारी ठिकाणी लुडबुड करतं, जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं किती टिकतात इथपासून ते शरीराच्या दैनिक घड्याळापर्यंत.

काळाचा मुद्दा इथे पुन्हा येतो. थेट अडवणूक तशी सौम्य असते. पण लिथियम दिलेल्या माईसच्या मेंदूत या एन्झाइमवर एक फॉस्फेट चढलेला दिसतो आणि त्याने ते आणखी थंडावतं, म्हणजे अडवणूक दुहेरी. ज्या माईसमध्ये हे जनुक निम्मंच चालतं, ते पोहण्याच्या चाचणीत (पाण्यात सोडल्यावर उंदीर किती वेळ धडपडतो ते बघतात) लिथियम दिलेल्या माईससारखे वागतात. हॅमस्टर आणि माईसमध्ये लिथियमने दैनिक घड्याळाची फेरी लांबते. बायपोलरमध्ये झोपेची घडी सगळ्यात आधी विस्कटते, त्यामुळे मला हा धागा महत्त्वाचा वाटतो.

सेरोटोनिन वाढतं की कमी होतं? डोपामाइनचं काय?

परीक्षेत एका ओळीत लिहायचं तर ‘सेरोटोनिन वाढवतं, डोपामाइन आणि ग्लुटामेटला आवर घालतं.’ ही तिन्ही चेतापेशींमध्ये निरोप नेणारी रसायनं. खरं उत्तर जरा आडवळणाचं आहे.

दीर्घकाळ लिथियम दिलेल्या रॅटच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मरणाशी संबंधित भागात, सेरोटोनिन जास्त सुटतं. यातूनच एक औषधयोजना निघाली. काही नैराश्यविरोधी गोळ्या रॅटमध्ये सेरोटोनिनच्या ग्राहकांना (ते रसायन पकडणारे पेशीवरचे रिसेप्टर) जास्त संवेदनशील करतात हे द मोंतिनी या संशोधकांनी पाहिलं होतं. त्यावर लिथियमने सेरोटोनिनला रेटा दिला तर? १९८१ साली त्यांनी गोळ्यांनी गुण न आलेल्या आठ रुग्णांना लिथियम जोडलं आणि दोन दिवसांत फरक पडल्याचं नोंदवलं. सगळ्यांनाच इतक्या लवकर गुण येतो असं पुढे दिसलं नाही, पण नैराश्यात लिथियमची जोड आजही देतात.

डोपामाइनचं: हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं औषध बरेच दिवस दिलं की रॅटच्या मेंदूत डोपामाइनचे ग्राहक वाढतात. सोबत लिथियम असेल तर ती वाढ रोखली जाते, असं १९७८ साली दिसलं.

ग्लुटामेटचं उदाहरण मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. डिक्सन आणि होकिन यांनी १९९८ मध्ये माईसच्या मेंदूत पाहिलं की लिथियम पहिल्यांदा दिल्यावर चेतापेशींची टोकं ग्लुटामेट आत ओढून घ्यायला कमी पडतात, म्हणजे बाहेर ग्लुटामेट वाढतं. तेच लिथियम चालू ठेवलं तर आत ओढण्याची क्षमता वाढते आणि स्थिर होते. पहिल्या दिवशी एक आणि नंतर त्याच्या बरोबर उलट! जास्तीचं ग्लुटामेट पेशींना मारक असतं, त्यामुळे दीर्घ उपचारातलं संरक्षण इथून येत असावं. आणि पहिल्याच दिवसाचा आकडा घेऊन कुणी ‘लिथियम मेंदूला घातक’ अशी बातमी केली, तर ती खोटी नसेल, अर्धी असेल.

मेंदूतल्या स्निग्ध पदार्थांवर परिणाम होतो म्हणतात…

होतो, आणि याकडे कमी लक्ष दिलं जातं. वर ज्यांच्या खाद्याचं प्रमाण सांगितलं, त्याच प्रयोगशाळेने सहा आठवडे लिथियम दिलेल्या रॅटमध्ये अरॅकिडोनिक ॲसिड या स्निग्धाम्लाची पेशीपडद्यातली उलाढाल सुमारे तीन चतुर्थांशाने मंदावल्याचं १९९६ मध्ये नोंदवलं. डीएचए या दुसऱ्या स्निग्धाम्लाच्या उलाढालीला मात्र धक्का नव्हता. अरॅकिडोनिक ॲसिडपासून दाह वाढवणारी द्रव्यं बनतात, म्हणून लिथियमला ‘मेंदूतला दाह कमी करणारं’ असंही म्हणू लागले. रॅटमध्ये हे पटण्यासारखं आहे.

मग मेंदूच्या पेशी वाढतात का?

काही जागी, काही प्रमाणात. मांजी यांच्या गटाने १९९९ मध्ये रॅटच्या पुढच्या मेंदूत पेशींना मरणापासून वाचवणारं बीसीएल-२ प्रथिन वाढल्याचं दाखवलं, आणि २००० मध्ये प्रौढ माईसच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी सुमारे पाव पटीने जास्त. बीडीएनएफ हे पोषक प्रथिनही दीर्घ उपचाराने वाढतं. त्याच वर्षी लिथियम घेणाऱ्या रुग्णांच्या स्कॅनमध्ये मेंदूचा करडा भाग वाढल्याचं छापून आलं. पण लिथियममुळे एमआरआयचा सिग्नलच थोडा बदलत असेल, अशी शंकाही नंतर आली. आणि पातळी फार चढली तर हेच लिथियम तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूला (सेरिबेलम) कायमची इजा करू शकतं. ‘मेंदूचं टॉनिक’ म्हणून ते कुणी विकू लागलं तर तिथून उठा.

उंदराला बायपोलर होतो तरी का?

नाही. त्याच्यासारखं काहीतरी घडवतात. ॲम्फेटामाइन देऊन धावाधाव वाढवायची आणि लिथियमने ती कमी होते का बघायचं, ही जुनी रीत. ‘क्लॉक’ या जनुकात बिघाड असलेले माईस कमी झोपतात, जास्त हुंदडतात, धोका पत्करतात. २००७ मध्ये दिसलं की लिथियमने त्यांचं बरंचसं वागणं पूर्ववत होतं. पण एकदा मेनिया, एकदा नैराश्य असं आपणहून हेलकावणारा, खात्रीचा उंदीर अजून कुणाकडे नाही. मेंदूतल्या रसायनांबद्दल प्राणी चांगली साक्ष देतात. मनःस्थितीबद्दल त्यांच्या साक्षीला मर्यादा आहे.

लिथियमने प्राण्यांना मळमळतं म्हणे. मग निफाडच्या बिबट्यांना कोंबड्या-शेळ्यांपासून तोडायला ते वापरता येईल का?

हसू नका, हा प्रश्न खरंच आला होता, आणि कल्पना अगदीच हवेतली नाही. लिथियम क्लोराइडचा मोठा डोस दिला की रॅटला मळमळतं, आणि त्याआधी खाल्लेल्या नव्या चवीला तो पुन्हा तोंड लावत नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत कोयोट या लांडग्याच्या भाईबंदावर मेंढीच्या मांसात लिथियम घालून हा प्रयोग झाला होता. रानात तो कितपत चालतो यावर वाद झाले ते अजून मिटलेले नाहीत. आणि बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्यासाठी काहीही कालवून ठेवणं हा गुन्हा आहे. मुलांसाठी यातला धडा एवढाच: एका मोठ्या डोसनंतर उंदीर गप्प बसला, तर तो शांत झाला की त्याला मळमळतंय, हे आधी ठरवा. केडचे गिनी पिग आठवा.

माझ्या आईला आठ वर्षं लिथियम चालू आहे. सारखी तहान लागते. प्राण्यांमध्ये असं दिसतं का?

अगदी असंच. लिथियम दिलेल्या रॅटच्या पिंजऱ्यातली भुशी आधी ओली दिसते, बाकी परिणाम नंतर. मूत्रपिंडात पाणी परत शोषून घेणारी ॲक्वापोरिन-२ नावाची दारं कमी होतात, हे १९९५ मध्ये रॅटमध्ये दाखवलं गेलं. म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान. हे डॉक्टरांना जरूर सांगा, पण आईचं पाणी तोडू नका.

मूत्रपिंड सोडियम वाचवायला लागलं की लिथियमही धरून ठेवतं, आणि पातळी चढते. चैत्रात उन्हातून वणीला पायी जाणं, नवरात्रातला कडक उपास, जुलाब-उलट्या, डॉक्टरांना न विचारता मीठ बंद करणं, या सगळ्यात हीच जोखीम आहे. चिकुनगुनियानंतर गुडघे धरले म्हणून दुकानातून परस्पर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणणंही त्यातच आलं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही लिथियम वाढतं. हात जास्त थरथरणं, चालताना तोल जाणं, बोलणं अडखळणं, गुंगी यांतलं काही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि थायरॉइडच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तशा चालू ठेवायच्या.

लेव्हलची तपासणी करताना काय सांभाळायचं?

रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला सुई, आणि सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर. दुसरी गोष्ट थोड्या लोकांना माहीत असते: हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिन असतं. त्यात रक्त घेतलं तर नळीतलंच लिथियम मोजलं जातं आणि आकडा भलताच येतो. तब्येत ठणठणीत आणि लेव्हल आभाळाला, असं झालं तर नळी कुठली होती ते नम्रपणे विचारा.

लिथियमने अल्झायमर बरा होतो अशी बातमी आली होती…

ऑगस्ट २०२५ मध्ये हार्वर्डच्या यांकनर यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये छापलेलं ते काम. मेंदूत मुळातच अत्यल्प लिथियम असतं, आणि विस्मरण सुरू झालेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ते कमी आढळलं. माईसच्या आहारातून लिथियम काढून मेंदूतलं प्रमाण सुमारे निम्म्याने घटवलं, तर अमायलॉइड आणि टाऊ ही अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारी प्रथिनं वाढली. अगदी थोडं लिथियम ऑरोटेट (लिथियमचा एक क्षार) दिल्यावर स्थिती सुधारली. काम भारी आहे, पण औषधाचा भाग माईसपुरता आहे. ऑरोटेटच्या बाटल्या ऑनलाइन मागवून आजोबांना देऊ नका, विशेषतः त्यांची मूत्रपिंडं थकलेली असतील तर.

बरं वाटतंय. गोळी बंद केली तर उंदरांसारखं सगळं पूर्ववत होईल ना?

लिथियम काही दिवसांत शरीरातून निघून जातं. आठवड्यांनी बसलेली घडी मात्र त्याच वेगाने आणि त्याच क्रमाने सुटेल असं नाही. माणसांमधला अनुभव स्पष्ट आहे: एकदम बंद केल्यावर आजार उलटण्याची शक्यता हळूहळू कमी करण्यापेक्षा जास्त असते. बंद करायचंच असेल तर डॉक्टरांसोबत, टप्प्याटप्प्याने. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर मराठीतही आहे.

आम्हाला प्रोजेक्टसाठी रॅटवर लिथियमचा प्रयोग करायचा आहे. कुठून सुरुवात करू?

परवानगीपासून. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी सीसीएसईए ही समिती आहे. प्राणिगृहाची नोंदणी तिच्याकडे असावी लागते आणि प्रत्येक प्रयोग कॉलेजच्या प्राणी नैतिकता समितीकडून मंजूर व्हावा लागतो. ‘हे आधीच कुणी केलंय का?’ असं तिथे विचारतात, आणि लिथियमबाबत बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असतं. तसं असेल तर प्राणी न वापरता जुने निबंध नीट वाचून केलेला प्रोजेक्टही चांगला होतो.

वाचताना चार गोष्टी शोधा. किती दिवस दिलं. रक्तातली पातळी मोजली का, आणि कधी. रॅट रात्री खातो, त्यामुळे सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा वेगळा येतो. मिठाचं पाणी ठेवलं होतं का. प्राण्यांचं वजन किती घटलं. शेवटच्या दोन्हींची नोंदच नसेल, तर मेंदूतल्या आकड्यांवर पान-पान लिहिण्याआधी मला येऊन भेटा.